अमळनेरच्या वाड्यातल्या सहा फुलदाण्या: काच, काप आणि कर्ता

खानदेशातल्या जुन्या घरात काचेची जड, चकाकती वस्तू दिसली की ती ‘बेल्जियमची’ असते. आरसा बेल्जियमचा, हंडी बेल्जियमची, फुलदाणीही बेल्जियमचीच. यात अगदीच तथ्य नाही असं नव्हे. बेल्जियममधल्या लिएज शहराजवळचा व्हाल सां लांबेर हा काचेचा कारखाना १८२६ पासूनचा, आणि त्याचा माल जगभर गेला. पण इंग्लंड, फ्रान्स आणि बोहेमियाचा (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) मालही भारतात येतच होता. गावाकडे पोहोचेपर्यंत त्या सगळ्याला एकच नाव चिकटलं.

अमळनेरमधल्या एका कापूस व्यापारी कुटुंबाने वाडा विकायचं ठरवलं. दिवाणखान्यातल्या कपाटात कटग्लासच्या, म्हणजे चाकावर नक्षी कापलेल्या काचेच्या, म्हणवल्या जाणाऱ्या सहा फुलदाण्या होत्या आणि वाटेकरी तीन: दोन भाऊ आणि पुण्याला दिलेली बहीण. जुन्या वस्तूंच्या एका दलालाने सहाही नगांची एकगठ्ठा किंमत सांगितली होती. थोरल्या काकूंपुरता प्रश्न मिटलेलाच होता: “बेल्जमनी शे, बस.” कागद म्हणून घरात एक कीर्द होती. तिच्यात विक्रम संवत १९६१ मध्ये, म्हणजे इ. स. १९०४-०५ मध्ये, मुंबईहून आणलेल्या ‘काचेच्या फुलदाण्या नग २’ अशी नोंद होती. ती सगळ्यात मोठ्या, एकट्या फुलदाणीची असं सगळे धरून चालले होते. ‘नग २’ कडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

फुलदाण्यांना १ ते ५ क्रमांक दिले: सगळ्यात मोठी ती १, आणि एकसारख्या जोडीला मिळून २. तपासणीचा क्रम असा ठेवला: फोटो, सफाई, वजन आणि घनता, काप, तळ, आणि कारखान्याचा शिक्का सगळ्यात शेवटी. शिक्का आधी वाचला की पुढचं सगळं त्याला जुळतं आहे असंच दिसायला लागतं. दलाल नेमकं उलट करतात, कारण त्यांना नाव विकायचं असतं.

धुण्याआधी

पहिला नियम म्हणजे तळाचा फोटो काढल्याशिवाय पाणी लावायचं नाही. क्रमांक ३ च्या तळाला कागदी लेबलाचा नखाएवढा तुकडा शिल्लक होता. पाण्यात बुडवली असती तर त्या फुलदाणीचा निम्मा इतिहास मोरीत गेला असता.

बोअरच्या जड पाण्यामुळे आतल्या बाजूला पांढरा थर चढतो. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं घेऊन दोन-तीन तास ठेवलं की क्षाराचा थर सुटतो. रात्रभर ठेवू नये. शिसेदार काचेला आम्लात फार वेळ ठेवणं बरं नाही. क्षार निघूनही धूसरपणा राहिला तर काचेचा पृष्ठभागच झिजलेला आहे, म्हणजे ‘आजारी’ काच. ती घरी बरी होत नाही. विक्रेते हा धूसरपणा आतून तेलाचा हात फिरवून लपवतात. म्हणून आधी टिश्यूने आतली बाजू पुसून तेलकट डाग येतो का ते पाहावं. संडास साफ करायचं ॲसिड फुलदाणीजवळ आणूही नये. आणखी एक गोष्ट: मे महिन्यात बंद खोलीतली काच चांगलीच तापलेली असते. तिच्यात माठातलं गार पाणी ओतलं तर जाड तळाला तडा जाऊ शकतो. काच आणि पाणी तासभर एकाच खोलीत ठेवून मगच धुवायला घ्यावं.

वजन बोलतं

काचेत शिसं आहे का, हा पहिला मोठा फाटा. टिचकी मारून नाद ऐकण्यावर फार विसंबू नये. पातळ पेला छान वाजतो, पण जाड फुलदाणी शिसेदार असूनही बद्द वाजते, आणि उगीच ठोकल्याने आधीची बारीक चीर वाढते. घनता मात्र किराणा दुकानातल्या, एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरही काढता येते.

फुलदाणी कोरडी करून वजन घ्यायचं. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवून काटा शून्यावर आणायचा. फुलदाणीला नायलॉनची दोरी बांधून ती वरून धरायची आणि पूर्ण बुडवायची. बादलीच्या तळाला किंवा बाजूला ती टेकता कामा नये. आता काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घनसेंटिमीटर काचेचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

चुका ठरलेल्या असतात. कापाच्या चरांत हवेचे बुडबुडे अडकले की आकारमान जास्त दिसतं आणि घनता कमी येते. क्रमांक १ चं वजन २१८४ ग्रॅम आणि खरं आकारमान ७२२ भरलं, म्हणजे घनता ३.०२. त्याच फुलदाणीत १० घनसेंटिमीटर हवा अडकली तर आकडा २.९८ वर उतरतो आणि निष्कर्ष बदलतो. म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकावेत, फुलदाणी आडवी करून बुडवावी, चरांवरून मऊ ब्रश फिरवावा आणि मोजणी तीनदा घ्यावी.

आकड्यांचा अर्थ लावायला युरोपीय समुदायाचा १९६९ चा नियम उपयोगी पडतो. ३० टक्के शिशाच्या ऑक्साइडची काच घनतेत ३.०० किंवा वर, २४ टक्क्यांची २.९० किंवा वर. साधी सोड्या-चुन्याची काच २.५ च्या आसपास असते. बेरियम घातलेली काचही जड भरते, त्यामुळे घनता हा मोठा पुरावा असला तरी एकटा पुरेसा नाही. जोडीला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात वापरावा. मँगनीज घालून पांढरी केलेली साधी काच त्यात हिरवट उजळते. शिसेदार काच निळसर-जांभळी किंवा जवळजवळ गप्प राहते. नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड काचेवर पडतो आणि सगळं शिसेदार वाटायला लागतं.

जळगावच्या सराफाकडे सोन्याचा कस पाहणारं एक्स-रे यंत्र आहे, त्यावर पाहू, असं धाकट्या भावाने सुचवलं. ते यंत्र मिश्रधातूंसाठी जुळवलेलं असतं. समोर काच ठेवली तरी ते धातूंचीच बेरीज शंभर करून दाखवतं. शिसं आहे एवढं त्यातून कळेलही, पण किती आहे ते नाही. सराफाकडून घ्यायची वस्तू म्हणजे दहापट भिंग.

सहा नगांचे आकडे असे आले: क्रमांक १ ला ३.०२; क्रमांक २ ची जोडी, दोन्ही २.५०, क्रमांक ३ ला २.४७, क्रमांक ४ आणि ५ ला २.९२. सगळं एकाच देशाचं आणि एकाच दर्जाचं, ही समजूत इथेच मोडली.

जोडी: कापलेली नव्हे, दाबलेली

क्रमांक २ ची जोडी २२ सेंमी उंच, अंगभर हिऱ्याच्या आकाराची नक्षी, दिसायला सगळ्यात भरगच्च. बोट फिरवलं की कंगोरे मऊ लागतात. भिंगाखाली प्रत्येक हिऱ्याचं टोक किंचित वितळल्यासारखं, आणि चराचा तळ तीक्ष्ण ‘व्ही’ होण्याऐवजी गोलसर. वितळलेली काच साच्यात दाबून केलेल्या वस्तूवर साच्याचे जोड राहतात; इथे ते नक्षीत लपवलेले होते. काळ्या कापडासमोर धरून बाजूने टॉर्च मारल्यावर तीन उभ्या रेघा समान अंतरावर दिसल्या.

खरा पुरावा जोडीतच होता. एका फुलदाणीत काठापासून चौथ्या ओळीतला एक हिरा डावीकडे झुकलेला आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा. दुसरीत त्याच ओळीत, जोडाच्या रेघेपासून तितक्याच अंतरावर, तोच झुकलेला हिरा आणि तोच फुगवटा. हाताने कापणाऱ्या कारागिराची चूक दुसऱ्या नगावर तशीच उतरत नाही. साच्यातली चूक प्रत्येक नगावर उतरते.

आत तळाशी ‘आरडी’ ही इंग्रजी अक्षरं आणि दोन लाखांच्या घरातला सहा आकडी क्रमांक उठावात होता. ब्रिटिश नोंदणीकृत नमुन्यांचे हे क्रमांक १८८४ मध्ये एकपासून सुरू झाले आणि १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या वर होते. त्यामुळे हा नमुना १८९० च्या दशकातला. मात्र ही तारीख नमुना नोंदवल्याची आहे, वस्तू बनल्याची नव्हे. चांगला चालणारा साचा वर्षानुवर्षं वापरात राहतो. कीर्दीतली १९०४-०५ ची ‘नग २’ ही नोंद त्यामुळे या जोडीशी नीट बसते, आणि ज्या मोठ्या फुलदाणीला ती चिकटवली होती तिच्यापाशी कागद उरत नाही.

कर्ता ठरवायला इथे वाट आहे. इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या सॉवर्बी या काच कारखान्याची खूण मोराचं डोकं, तिथल्याच डेव्हिडसन कारखान्याची बुरुजावरचा सिंह. या जोडीवर तशी खूण नाही, पण लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नमुन्यांच्या नोंदवह्या आहेत आणि क्रमांकावरून नोंदवणाऱ्याचं नाव शोधता येतं. सहा नगांपैकी कर्त्याचं नाव खात्रीने मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे ती या ‘खोट्या’ कटग्लासची. वाटणीत हीच जोडी दोघे भाऊ एकमेकांकडे ढकलत होते.

क्रमांक १: हाताचा काप

३१ सेंमी उंच, तुतारीसारखा उघडा काठ, अंगावर बारीक किरणांचे तारे आणि मधे पंखे, तळाला २४ किरणांचा तारा.

काप कसा होतो ते माहीत असेल तर खुणा वाचता येतात. कोऱ्या काचेवर आधी रंगाने रेघा आखतात. मग लोखंडी चाकावर वाळू किंवा कार्बोरंडम आणि पाण्याची धार सोडून मुख्य चर पाडतात. ही खडबडीत वाट दगडी चाकावर गुळगुळीत होते. शेवटी लाकडी चाकावर प्यूमिस आणि बारीक पॉलिश पावडर लावून चमक आणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे शेवटचं काम हळूहळू ॲसिडकडे गेलं. हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात फुलदाणी थोडा वेळ बुडवायची, धुवायची, पुन्हा बुडवायची. वेळ वाचला, पण ॲसिड कंगोऱ्याची धारही खातं. म्हणून ॲसिड पॉलिशच्या काचेची चमक चरांत आणि सपाटीवर सारखीच, किंचित लहरी असते आणि कडा बोथट असतात.

क्रमांक १ च्या चरांत भिंगाखाली लांबीच्या दिशेने केसासारख्या समांतर रेषा दिसल्या: लाकडी चाकाची पॉलिश. सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका कंगोऱ्यावरून हलकेच ओढला, तर तंतू जागोजागी अडकले. ॲसिडच्या काचेवरून तो निसटून जातो. (कापसाची ही युक्ती टवके शोधायलाही चांगली; डोळ्याला न दिसणारा काठावरचा टवका लगेच सापडतो.) दोन ठिकाणी चर ठरल्या जागेच्या मिलिमीटरभर पुढे गेला आहे, आणि कंपासने मोजल्यावर ताऱ्यांमधली अंतरं अर्ध्या ते एक मिलिमीटरने कमी-जास्त भरली. बसणीच्या कडेवर झिजेचा करडा पट्टा आहे, ओरखडे सगळ्या दिशांना. मुद्दाम घासून जुनी केलेली वस्तू असती तर ते बहुतेक एकाच दिशेने गेले असते.

मग कर्ता कोण? घरात हंड्या-झुंबरं असल्यामुळे ऑस्लरचं नाव पुढे आलं. बर्मिंगहॅमची ही पेढी १८०७ ची. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनातलं सुमारे आठ मीटर उंचीचं काचेचं कारंजं तिचं. कोलकात्यात तिचं दुकान होतं आणि संस्थानिक तिचे गिऱ्हाईक. पण घरातली झुंबरं ऑस्लरची असली, तरी फुलदाणी त्याच पेढीची ठरत नाही. ताऱ्याची नक्षी तर इंग्लंड, बोहेमिया, बेल्जियम आणि अमेरिका, सगळ्यांनी कापली. अमेरिकेत १८७६ ते पहिल्या महायुद्धापर्यंत अशा दाट कापाचा काळच होता. नक्षी, आकार आणि काठ-तळाची घडण या तिन्ही गोष्टी एकाच पेढीच्या छापील कॅटलॉगशी जुळल्याशिवाय नाव लिहू नये.

म्हणून यादीत लिहिलं: ‘३० टक्क्यांच्या घरातली शिसेदार काच, हातकाप, लाकडी चाकाची पॉलिश, पहिल्या महायुद्धापूर्वीची असण्याची दाट शक्यता, इंग्लिश कामाशी सुसंगत, कर्ता अनिश्चित.’ काकूंना हे फारच मिळमिळीत वाटलं.

निळी, शिक्क्याची आणि नवी

क्रमांक ३ निळी, निळा थर कापून काढलेल्या पांढऱ्या ‘खिडक्यांची’. इथे पहिला प्रश्न रंगाचा थर किती जाड आहे हा. काठ उजेडात आडवा धरला की बाहेरच्या बाजूने सुमारे एक मिलिमीटरची निळी पट्टी आणि आत पारदर्शक काच स्पष्ट दिसते. खिडकीच्या कडेला, चर तिरका आत जातो तिथे, निळा रंग फिकट होत पांढऱ्यात मिसळतो. म्हणजे भट्टीतच चढवलेला काचेचा थर. नुसता रंग भाजून बसवला असता तर त्याला जाडी नसती आणि कड एकदम तुटलेली दिसली असती.

ही व्हाल सां लांबेरची, असं दलालाचं म्हणणं. त्या कारखान्याची कापलेली रंगीत काच शिसेदार; इथे घनता २.४७, शिसं नाही. पोटॅश-चुन्याची काच ही बोहेमियाची परंपरा. लेबलाच्या तुकड्यावर देशाच्या नावाचा शेवटचा भाग उरला होता, ‘कोस्लोव्हाकिया’. चेकोस्लोव्हाकिया १९१८ ते १९९२ एवढाच काळ अस्तित्वात होता. १९३८ मधल्या घरातल्या एका लग्नाच्या फोटोत ही फुलदाणी टेबलावर दिसते, त्यामुळे काळ १९१८ ते १९३८ इतका आवळता आला. कारखान्याचं नाव नाही, देश नक्की.

क्रमांक ४ वर बाकारा या फ्रेंच कारखान्याचा गोल शिक्का: मधे सुरई, बाजूंना पेले. १९३६ पासून बाकाराचा प्रत्येक नग शिक्क्याचा असतो, हे दलालाला पाठ होतं. शिक्क्यावर टाल्कम पावडर चोळून जादा पुसली आणि भिंग लावलं. ॲसिडने उठवलेली खूण एकसारखी धूसर असते. इथली रेघ मात्र बारीक खड्ड्यांची साखळी होती, हातातल्या फिरत्या टोकाने कोरल्यासारखी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळाचे जुने ओरखडे शिक्क्याच्या रेघेपाशी येऊन तुटत होते आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होते. ओरखडे आधीचे, शिक्का नंतरचा. जुना शिक्का असता तर ओरखडे त्याच्यावरून गेले असते. आणि बाकाराची काच ३० टक्क्यांच्या वरची, म्हणजे घनता ३ च्या पुढे हवी, इथे २.९२. काच चांगली आहे, काप चांगला आहे, पण या नावाने ती विकणं म्हणजे फसवणूक ठरेल. यादीत ‘शिक्का नंतरचा’ असं स्पष्ट लिहिलं.

क्रमांक ५ वर ‘२४ टक्के’ असं छापलेलं चिकटपत्र, चर यंत्राने पाडलेले, सगळे तंतोतंत सारखे, वर ॲसिडची चमक. १९६९ च्या नियमानंतरचा माल, लग्नात आलेला आहेर. फुलं ठेवायला हीच वापरावी.

वाटणी आणि एक अडचण

बहिणीला क्रमांक १ हवी होती, ती अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवण्यासाठी. फुलदाणी जितकी जुनी निघेल तितकं बरं, असं तोवर सगळ्यांना वाटत होतं. पण पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. देशात घरात ठेवायला किंवा वाटून घ्यायला अडचण नाही. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला मात्र परवाना लागतो, आणि तो दलालाकडे मागितल्यावर दाखवला गेला नाही. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची तज्ज्ञ समिती देते. क्रमांक १ ला तो मिळण्याची आशा धरू नये, असं सांगितलं. क्रमांक ३ चा १९१८ ते १९३८ हा काळ सीमेवरचा, तिथे दाखला मागूनच हालचाल करावी.

शेवटी क्रमांक १ पुण्याला बहिणीकडेच राहणार असं ठरलं. जोडी थोरल्याने घेतली, कीर्दीच्या त्या पानाच्या फोटोसकट. निळी आणि शिक्क्याची धाकट्याकडे. पाचवी काकूंच्या खोलीत गेली. पुण्याला नेताना क्रमांक १ मध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे नाहीत, कारण आतून दाब आला की काठ जातो. आतली जागा मोकळी ठेवायची, काठाला वेगळी फोमची पट्टी, बाहेरून दोन पदरी बबल शीट, आणि खोक्यात चहूबाजूंनी किमान पाच सेंमी भराव. कापाची टोकं एकमेकांवर घासतात, म्हणून एका खोक्यात एकच नग.